बुजवलेल्या टँकचा रेकॉर्ड

आमच्या ह्यांना कारखान्यात सगळे 'मासा' म्हणतात. आणि मासा बसतो कुठे, तर गोदामात, नटबोल्टच्या खोक्यांमध्ये! हसू नका, माझं लग्न झालंय त्या माशाशी.

पूर्वी त्या गोदामाच्या जागी कारखान्याचा पोहायचा टँक होता. दोन इमारतींच्या मध्ये जेवढी जागा उरली तेवढा खणलेला, त्यामुळे त्याची लांबी धड कुठल्याच मापात बसत नव्हती. पाण्यातलं औषध झोंबायचं म्हणून हे डोळे मिटून पोहायचे. मनात हात मोजायचे आणि भिंत आली की कोलांटी मारून परत फिरायचे. असा त्यांनी रेकॉर्ड केला. रेकॉर्डवर नोकरी लागली आणि नोकरी बघून वडिलांनी मला देऊन टाकलं.

पुढे टँक गळायला लागला. साहेबांनी तो बुजवून वर फरशी घातली, छप्पर टाकलं. भिंतीवरचा रेकॉर्डचा फळा मात्र तसाच ठेवला. तसला टँक आता कुठेच नाही, तेव्हा रेकॉर्ड मोडणार तरी कोण? पाहुणे आले की साहेब ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतात, "ह्याचा रेकॉर्ड मोडणारा अजून जन्माला यायचाय." हे हात बांधून हसतात. गोदामाला खिडकी एकच, तीही खोक्यांनी झाकलेली. संध्याकाळी घरी येतात ते कपड्यांना तेलाचा आणि गंजाचा वास घेऊन. पोहणं कधीच सुटलं. मला त्या फळ्याचा असा राग येतो की काय सांगू! कितीदा म्हटलं, सोडा ती नोकरी. तर म्हणे, "बाहेर मला कोण ओळखतं?"

मागच्या महिन्यात माझ्या दादाने बातमी आणली. गावाबाहेर नवा टँक झालाय, मुलांना पोहायला शिकवणारा माणूस हवाय. मी हात धुऊन ह्यांच्या मागे लागले. अट एकच होती, तिथल्या मॅनेजरसमोर एकदा जाऊन-येऊन पोहून दाखवायचं.

"एवढंच ना?" हे म्हणाले. कित्येक वर्षांनी त्यांच्या तोंडावर तजेला दिसला.

शिट्टी झाली आणि हे सुटले. अहाहा! पन्नाशी उलटलेला माणूस, पण पाणी कापत असा निघाला की माझा ऊर भरून आला. मनातल्या मनात मी मिठाई वाटूनही टाकली. आणि भिंत अजून चांगली लांब असताना ह्यांनी कोलांटी मारली. पाय झाडले, तिथे नुसतं पाणी. गटांगळी खाऊन खोकत वर आले आणि इकडेतिकडे बघायला लागले, घरात चोरी झाल्यावर माणूस बघतो तसे.

मॅनेजर भला माणूस. स्वतःचा पोहायचा चष्मा काढून दिला. "होतं असं, काका. दमाने घ्या. डोळे उघडे ठेवून पोहा."

हे चष्मा लावून पुन्हा निघाले. मी काठावरून ओरडत होते, "अहो, पुढे! अजून पुढे!" आणि हे तिथेच आले, त्याच जागी, आणि वळले.

परतताना हे म्हणाले, "मला दिसत होती गं भिंत. पण अंग वळलंच." मला रडू आवरेना. भर रस्त्यात पदर तोंडाशी धरून रडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी डबा द्यायला गोदामात गेले, तर साहेब पाहुणे घेऊन हजर. ह्यांच्या खांद्यावर हात, आणि तेच पालुपद, "ह्याचा रेकॉर्ड मोडणारा अजून जन्माला यायचाय."

माझं डोकंच फिरलं. डबा टेबलावर आपटून म्हटलं, "जन्माला येऊन करेल काय? पोहणार कुठे, ह्या फरशीवर?"

पाहुणे खो खो हसले. साहेबही हसले. सगळ्यांत मोठ्याने हे हसले, आणि माझ्याकडे न बघता डबा उघडायला लागले.