साक्षीदार क्रमांक दोन

घणसोली गावातल्या ज्या खोलीत मी तीन वर्षं राहिले, तिची मालकीण पंचेचाळिशीची होती आणि बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. मुक्त विद्यापीठातून. नववीत शाळा सुटलेली. मुलगा नोकरीला लागल्यावर तिने परत फॉर्म भरला. नवरा कंपनीच्या बसवर ड्रायव्हर. त्याने फॉर्म बघून एवढंच विचारलं होतं, "डबा कोन करनार?" तिने सांगितलं, "डबा मीच करनार. परीक्षा पन मीच देनार." मी तिला काकी म्हणायचे.

मी मूळची नेरूळची. आईवडील दोघंही नोकरदार, सोसायटीतला फ्लॅट, लिफ्टमध्ये नमस्कार आणि पुढे काही नाही. गावठाणात राहायला आले कारण काम तिथे होतं. आमची संघटना बायकांच्या मालमत्तेच्या हक्कावर काम करते, आणि या पट्ट्यात त्याचा अर्थ एकच होतो, हक्कसोड पत्र. नव्या शहरासाठी सरकारने शेती घेतली, बदल्यात प्लॉट मिळाले, प्लॉटवर बिल्डर आले. बिल्डरला कागद साफ हवा असतो. कायद्याने मुलीचा वाटा मुलाइतकाच. मग कागद साफ करायचा म्हणजे बहिणींना नोंदणी कार्यालयात न्यायचं आणि 'मला काही नको' असं लिहून घ्यायचं. नंतर एक साडी द्यायची. ती साडी मी किती कपाटांत पाहिली आहे. कुणी नेसत नाही, कुणी टाकत नाही.

मी त्याविरुद्ध पत्रकं लिहायचे. चांगली लिहायचे, उगाच नम्रपणा कशाला. मला शिकवणाऱ्या जुन्या कार्यकर्तीचा नियम होता: एक पान, मोठी अक्षरं, एकच बाजू. वाचणारा रस्त्यात उभा असतो, त्याला विचार करायला जागा दिलीस की तो निघून जातो.

काकीला त्या वर्षी अभ्यासाला एक कादंबरी होती. परदेशातली, जुनी, भाषांतरित. परक्या घरात कामाला राहिलेली एक मुलगी. घराच्या मालकावर तिचा जीव जडतो. तोही तिला सगळं देऊ करतो, फक्त बरोबरीची जागा देत नाही. ती एका पहाटे रिकाम्या हाताने निघून जाते. मला ही नायिका कॉलेजपासून पाठ होती. माझ्यासाठी ती जवळजवळ संघटनेची सभासदच होती.

दुपारी चारला काकी सुकट निवडायला बसायची आणि मी मोठ्याने वाचायचे. पुस्तकाच्या पानांना शेवटी शेवटी सुकटीचाच वास यायला लागला होता.

"म्हंजे गेली ती? त्याला सोडून?"

"गेली."

"त्यानं तर सगलं दिलेलं."

"बरोबरीची जागा सोडून सगळं."

काकीने एक खडा वेचून बाजूला टाकला. "तिला आई नव्हती ना?"

"अनाथ होती."

"मग बरोबर. लिहिनाऱ्यानं आधीच सगल्यांना मारून ठेवलं. मागं कोनाच्या केसाला तेल लावायचं नाय, कोनाची कूस वलवायची नाय. मग काय, बाय सुटली."

"काकी, असं पेपरात लिहू नका."

"नाय लिहित. पन खरं हाय का नाय?"

काकीची आई अंथरुणाला खिळलेली होती. ऐरोलीकडच्या गावात, काकीच्या धाकट्या भावाच्या घरी. दर सोमवारी काकी तेलाची बाटली घेऊन तिकडे जायची. आईला अंघोळ घालायची, केसांना तेल लावून वेणी घालायची, चादर बदलायची. म्हातारी कुणालाच ओळखत नव्हती. पण तेलाचा हात डोक्याला लागला की विचारायची, "आलीस?"

भाऊ रेती-खडीचा धंदा करायचा. काकीने त्याला कडेवर वाढवलेला. वारलेल्या वडिलांच्या नावचा प्लॉट बिल्डरला द्यायचा होता आणि त्याला बहिणीची सही हवी होती. काकी आठ महिने 'बघू' म्हणत होती. नाही म्हणत नव्हती, हो म्हणत नव्हती. तिला नव्या इमारतीत तळमजल्यावर एक गाळा हवा होता, तिच्या नावावर. तिथे शिलाई मशीन टाकायचं होतं आणि बाहेर पाटी लावायची होती. आईची वेणी घालता घालता दर सोमवारी ती हा विषय थोडा थोडा पुढे सरकवायची. अलीकडे भाऊ म्हणायला लागला होता, वकिलाला विचारतो.

मला हे अजिबात पसंत नव्हतं. मी तोंडावर म्हणाले, "गाळा म्हणजे काय काकी? भावाच्या बरोबरीचा वाटा तुमचा आहे. तुम्ही स्वतःच्याच गोष्टीसाठी विनवण्या करताय."

"तू दोन मिन्टं बोलून जाशील बाय. सोमवारी तिथं मना जायचं हाय."

तेव्हा हे वाक्य माझ्या कानावरून गेलं.

स्वाध्यायाला प्रश्न होता, नायिकेच्या स्वातंत्र्याच्या संघर्षाची चर्चा करा. काकीने वहीत उत्तर लिहून मला तपासायला दिलं. लिहिताना ती बोलीतली राहायची नाही, शाळेतल्यासारखी ताठ बसून लिहायची:

"नायिका निघून गेली ते बरोबर केले. जिथे आपल्याला बरोबरीचे मानत नाहीत तिथे नुसत्या मायेवर राहू नये. माझा भाऊ दर सोमवारी मला चहा विचारतो पण बापाच्या प्लॉटच्या कागदावर नाव विचारत नाही. त्याची माया खरी आहे आणि अन्यायही खरा आहे. नायिकेने निघताना दार ओढून घ्यायला नको होते. आत आपले कोणी पडून असेल तर परत शिरायला वाट लागते. मी वाट ठेवून भांडते आहे."

मी लाल पेनाने बाजूला लिहिलं: स्वतःचे उदाहरण देऊ नये, मार्क जातात. आणि पानाचा फोटो काढून ठेवला.

दोन आठवड्यांनी नवं पत्रक काढायचं होतं. मला काही सुचत नव्हतं आणि फोनमध्ये तो फोटो होता. पहिली तीन वाक्यं मी जशीच्या तशी घेतली. चौथ्यापासून पुढचं कापलं. वर मोठ्या अक्षरात मथळा दिला, 'चहा नको, नाव हवं', आणि खाली लिहिलं, घणसोलीतील एक बहीण. काकीला विचारलं नाही. नाव कुठे टाकलंय, असं मी स्वतःला सांगितलं. मी ज्या सोसायटीत वाढले तिथे सोमवारी कोण कुठे जातं हे शेजारच्या दारालाही माहीत नसतं. गावठाणात तेल लावायला सोमवारी माहेरी जाणारी बाई एकच होती, आणि ते घणसोलीलाही माहीत होतं आणि तिच्या माहेरालाही.

सकाळी आम्ही नेरूळ स्टेशनबाहेर पत्रकं वाटली, दुपारी घणसोलीच्या बाजारात. कुणीतरी फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळी एक सहकारी आनंदाने म्हणाली, "तुझं पत्रक फिरतंय गं." मलाही बरं वाटलं. ते लपवून काय करू.

पुढच्या सोमवारी काकी तासाभरात परत आली. एरवी दुपार व्हायची. तेलाची बाटली पिशवीत तशीच भरलेली होती. भाऊ दारातच उभा राहिला होता. आत येऊ दिलं नाही. म्हणाला, "आज चहा नाय ताई. चहा दिला की तू छापतेस." आत टीव्ही चालू होता, तेवढाच आवाज बाहेर येत होता.

मी लगेच सुरू झाले. आईला भेटू न देणं म्हणजे काय, आपण तक्रार करू, आमच्याकडे वकीलबाई आहेत, उद्याच नोटीस जाईल.

"तू बस जरा," काकी म्हणाली. तिच्या हातात पत्रक होतं. कुणीतरी वाटेत तिलाच दिलं होतं. तिने ते माझ्यासमोर धरलं. "माजं पुढचं कुठं गेलं? मी पुढं पन लिहिलेलं."

"जागा नव्हती, काकी."

जागा होती. खालचं चतुर्थांश पान संघटनेच्या नावाने आणि फोन नंबराने भरलेलं होतं.

तिने दोन्ही बघितलं, नंबर आणि मला. पत्रकाची घडी घातली आणि कणीक मळायला घेतली.

असे चार सोमवार गेले. ती तयार व्हायची, बाटली पिशवीत टाकायची, जायची आणि परत यायची. पाचव्या आठवड्यात भाऊ स्वतःच आला. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला, पाणी प्यायला. मी तिथेच होते. मला वाटलं शिव्या देईल. तो फार सभ्यपणे बोलला.

"मॅडम, तुमी छान लिहिता. आमच्या गावात तुमच्यामुळं पोरं मला चहावाला बोलतात. पन एक विचारतो. गाळा मी देतच होतो. वकिलाकडे कागद तयार पडलाय. हे छापलंत का?"

"गाळ्याचा प्रश्नच नाही. कायद्याने बरोबरीचा—"

त्याने मला पुढे बोलू दिलं नाही. बहिणीकडे वळला. "बघ ताई. हिला बरोबरीचा वाटा पायजे. तुला काय पायजे?"

काकी ओट्याला टेकून उभी होती. "मना आईला भेटायचं हाय."

"मग ये की. कोन नाय बोलतंय? सही कर आनि ये. गाळा आता विसर, गावात माझी शोभा झाल्यावर मी काय देनार नाय. आनि दोन साक्षीदार लागतात. एक माझा मेहुणा. दुसरी ही. छापनारीनं पन सही केली, हे कळू दे सगळ्यांना."

मी म्हणाले, हे होणार नाही. तो हसला. "तुमची मर्जी. आईचं काय, ती आज हाय, उद्या नाय." आणि चप्पल घालून निघून गेला.

मी आजही म्हणते, त्या माणसाने आजारी म्हातारीला ओलीस धरलं होतं. माझं चुकलं म्हणून त्याचा नीचपणा कमी होत नाही. बरोबरीचा वाटा काकीचा होता, तो तिने मागावा की मागू नये हा प्रश्नच पडायला नको होता. पण प्रश्न पडला होता, आणि तिने तो आठ महिने खपून जवळजवळ सोडवत आणला होता. मध्ये मी आले.

दोन दिवस मी संघटनेत कुणाला काही सांगितलं नाही. काय सांगणार? काकीला म्हणाले, "मी सही केली तर उद्या कुठल्या तोंडाने दुसऱ्या बाईला सांगू की करू नकोस?" तिने समजूत घातली नाही, रडलीही नाही. भाकरी थापता थापता म्हणाली, "माजं लिहिलेलं अर्धं तू घेतलंस. आता राहिलेलं पन घे, वाट ठेवायचं."

बेलापूरला नोंदणी कार्यालयात आम्हाला नंबर लागेपर्यंत बाकावर बसवलं. एका टोकाला भाऊ आणि त्याचा मेहुणा, दुसऱ्या टोकाला आम्ही दोघी. तो सोमवार नव्हता, तरी काकीने तेलाची बाटली आणली होती. आत गेल्यावर साहेबांनी नेहमीचा प्रश्न विचारला. "बाई, कुणाच्या दबावाखाली सही करताय का?"

"नाय."

"कागद वाचलाय?"

"वाचलाय. बी.ए.ला हाय मी."

साहेबांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि शिक्का उचलला. अंगठ्याच्या मशीनवर तिचा ठसा उमटेना. मीठ, सुकट, साबण, त्या अंगठ्यावर रेषा राहिल्याच नव्हत्या. तीन वेळा पदराला पुसून लावला, तेव्हा घेतला. मग ऑपरेटरने हाक दिली, साक्षीदार क्रमांक दोन. कॅमेऱ्यात बघा. यांना ओळखता?

"हो."

"किती वर्षं?"

"तीन."

माझा ठसा पहिल्याच वेळी उमटला.

बाहेर आल्यावर भावाने गाडीतून दुकानाची पिशवी काढून बहिणीच्या हातात दिली. डाळिंबी साडी होती. मग त्याने गाडीचं पुढचं दार उघडलं. "चल ताई, आई वाट बघते." म्हातारी कुणाचीच वाट बघत नव्हती हे आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं. काकी बसली. साडीची पिशवी पायाशी ठेवली आणि तेलाची मांडीवर. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. पत्रकांचा उरलेला गठ्ठा अजून माझ्या झोळीतच होता; ती खांद्यावर घेऊन मी स्टेशनपर्यंत चालत गेले.

सोमवार परत सुरू झाले. आता मात्र आईच्या खोलीत भावाची बायको खुर्ची टाकून बसते आणि काकी काय बोलते ते ऐकते. चहा येतो. काकी तो पिते. आई अजून विचारते का, 'आलीस' म्हणून, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. साडी तिच्या कपाटात वरच्या फळीवर आहे, घडी न मोडलेली. मी दुसरं पत्रक लिहायला बसले की हात थांबतो. तरी लिहिते, कारण पुढच्या गल्लीत आणखी एका बहिणीला घेऊन जाणार आहेत. आता छापायच्या आधी विचारते. बऱ्याच जणी नको म्हणतात.

त्या महिन्यातच तिची परीक्षा झाली. पेपर देऊन आली तेव्हा मी जिन्यात उभी होते. म्हणाले, "तोच प्रश्न आला का?"

"तोच आला."

"काय लिहिलंत?"

"गाईडमधलं."

"आणि तुमचं ते? दाराचं, वाट ठेवायचं?"

काकी चप्पल काढत होती. "तूच लिहिलेलं ना लाल पेनानं. मार्क जातात." आणि दुपारचे चार वाजून गेले होते म्हणून सूप घेऊन सुकट निवडायला बसली. कादंबरी तिची स्वतःची होती, कुणाला परत करायची नव्हती, तरी तिने ती कागदात गुंडाळून माझ्या दारापाशी ठेवली होती.