ग्रहणात चिरलेला दुधी

बायको पोटुशी होती, ग्रहण लागलेलं होतं आणि ती विळीवर दुधी चिरत होती. पोटुशीनं ग्रहणात काही चिरू नये, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आईनं मला हाक मारून दाखवलं. मी बायकोच्या कानाखाली लगावली. ती ओट्यावर आपटली. "भूक लागली होती," एवढंच म्हणाली, तर दुसरी लगावली.

थोरल्या पोराच्या पाठीवर मुलगी झाली. ती मान धरेना, मग फेफरं सुरू झालं. ती ना बसायला शिकली, ना बोलायला. तिला झटका आला की मी आधी बायकोला शोधायचो. पट्टा, लाटणं, जे हाती येईल ते. "तूच केलं हे." बायकोचा दात पडला तेव्हा मोरीत घसरले म्हणून तिनंच शेजारणीला सांगितलं. मारापेक्षा वाईट म्हणजे दोष आपलाच, हे तिला पटलं होतं. पुढं प्रत्येक ग्रहणात ती मुलीला मांडीवर घेऊन, पाण्याचा थेंबही न घेता बसायची.

दोन वर्षांपूर्वी नव्या डॉक्टरीणबाईंनी आम्हा तिघांचं रक्त तपासायला पाठवलं. निकाल ऐकायला मी एकटा आत गेलो. मुलगी बाहेर किंचाळत होती, बायको तिच्यापाशी होती.

बाई म्हणाल्या, "पोटातल्या बाळाच्या मेंदूत पेशी आत, खोलवर जन्मतात आणि तिथून वर चढत जातात. वरच्या थरात एक प्रथिन असतं. ते त्यांना कुठं थांबायचं ते सांगतं. आधीच्या थांबतात, मागून आलेल्या त्यांना ओलांडून पुढं जातात. असे एकावर एक थर बसतात. तुमच्या मुलीत ते प्रथिन तयारच होत नाही. पेशी निघाल्या, पण जागेवर लागल्या नाहीत. खालीच गर्दी झाली."

"काहून झालं असं?"

"ते बनवण्याची सूचना आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून बिघडलेली आली. तुम्ही नात्यातले का?"

"माझ्या सख्ख्या मामाची पोरगी."

"म्हणूनच. घरात पुन्हा असं लग्न करू नका."

मी ग्रहणाचं विचारलं. काही संबंध नाही म्हणाल्या. मग खाली बघून विचारलं, पोटुशीले मारलं तर?

"हा आजार त्यानं होत नाही. मारलं होतं का?"

"नाही," म्हणालो. आणि सुटल्यासारखं वाटलं, हे लिहिताना लाज वाटते.

बाहेर येऊन बायकोला म्हणालो, "जन्मापासूनच आहे म्हणते." अर्धा दोष माझा, हे गिळून टाकलं. त्यानंतरही एकदा हात उचलला. सगळं माहीत असून.

या उन्हाळ्यात तिनं थोरल्यासाठी भावाची मुलगी मागायचं काढलं. पोरगा धडधाकट, मनीषनगरात नवा फ्लॅट, भाऊ तयार. साखरपुड्याची साडीही आणली. ती साडी ती मला दाखवत होती, तेव्हा मी सगळं सांगितलं. प्रथिनाचं, मामाचं, दोन वर्षं गप्प बसल्याचं.

ती साडीची घडी घालत राहिली. "म्हणजे दुध्यानं नाही झालं?"

"नाही."

"मंग मले मारून राहिले होते ते कायच्यासाठी?"

तिनं भावाला फोन लावला.

"दादा, पोरगी नाही मागत मी. काहून, ते हे सांगतील. मारल्याचंही सांगतील." फोन माझ्या हातात दिला.

मी सांगितलं. पट्ट्याचंही, दाताचंही.

"घरीच राह्यजा भाऊजी," मेहुणा म्हणाला. "मी आत्ताच येऊन राहिलो तिकडं."

बायको मुलीला औषध पाजायला आत गेली. मी पायात सरकवलेल्या चपला परत काढून ठेवल्या आणि त्याची वाट बघत बसून राहिलो.