खाणीत टाकलेला कोळसा

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत मिळून कोळशाची एकही खाण नाही. तरीही सोडून दिलेल्या कोळसा खाणींच्या कायद्याला उरलेलं आयुष्य वाहणारा एक माणूस इथे होऊन गेला. तो माझ्या आत्याचा नवरा. आम्ही त्यांना आतोबा म्हणत असू. गाव त्यांना 'आमदार' म्हणे, आणि ते निवडणुकीला कधीच उभे राहिलेले नसल्यामुळे त्यांना ते आवडे.

लष्करातून सुटल्यावर आतोबा बिहारात कोळशाच्या खाणीत लागले होते. तिथली एक जुनी खाण मालकाने तशीच टाकून दिली होती. तिचं तांबडं पाणी मजुरांच्या विहिरीत उतरू लागलं, म्हणून आतोबांनी सोबत्यांना घेऊन बांध घातला. पावसाळ्यात बांध फुटला, कुणाचं तरी शेत वाहून गेलं, आणि समन्स आलं ते बांध घालणाऱ्यांना. मालकाचा पत्ताच नव्हता. कोळशाच्या खाणी सरकारने ताब्यात घेतल्या त्या सुमारास आतोबा कराडजवळच्या आपल्या गावी परतले, ते एका कलमाचा कायदा डोक्यात घेऊन: "जो दुसऱ्याची घाण साफ करंल, त्याच्यावर मागचा दोष न्हाई."

हा कायदा ते कुठेही मांडत. एसटीत मांडला की कंडक्टर सभापती. एकदा कराड-मिरज गाडीत सगळ्यांनी हात वर केले, कोंबडी घेऊन बसलेल्या एका बाईंनी तेवढा केला नाही. "मावशी, तुमचा इरोध हाय?" "न्हाई बाबा. हात सोडला तर कोंबडी उडंल." आतोबांनी त्यांना तटस्थ धरलं. घरीही तेच. एकदा त्यांच्या हातून दूध करपलं, तेव्हा पातेलं घासायला बसून त्यांनी आत्याकडे कलमाचं संरक्षण मागितलं. आत्या म्हणाली, "जाळणाराच घासत आसंल तर कसलं संरक्षण? आवं, मग तुमचा त्यो खाणमालकबी फडकं घिऊन यील की!" आतोबांनी पातेलं लख्ख घासून पालथं घातलं. पुढच्या एसटीपासून कायद्यात दुरुस्ती आली: घाण करणाऱ्याला ही सवलत नाही.

गावाबाहेर रस्त्याच्या खडीसाठी खोदलेली दगडाची खाण होती. ठेकेदार खडी घेऊन गेला, खड्डा गावाला राहिला. त्यात हिरवं पाणी, मेलेली कुत्री, आणि शाळेची वाट अगदी काठावरून. तरी कठडा घालायला कुणी तयार नव्हतं. गावातला एक पैलवान चावडीवर म्हणाला, "दगड मी रचायचं, आन् उद्या कुणाची म्हस पडली की भरपाई माझ्याकडनं. लय शाणं हाय गाव!"

आतोबा उठले. कायदा मांडला. सगळे हात वर गेले. मग त्यांनीच हरकत घेतली, "पर ह्यो कायदा कोळशाच्या खाणीचा हाय. दगडाला लागू न्हाई." लोकांनी एक शब्द बदलण्यासाठी विनवण्या केल्या. आतोबा ऐकेनात. शेवटी पैलवान वैतागला. "आमदार, खाणीत कोळसा टाकला तर?"

आतोबांनी विचार केला. "मग हरकत न्हाई."

लोक शेगड्यांतला लाकडी कोळसा घेऊन आले. तो आतोबांनी परत पाठवला. लोहाराच्या भट्टीवरचा दगडी कोळसा चालला. शेवटी ते घरात गेले, बिहारातून आणून देवळीत ठेवलेलं कोळशाचं एकुलतं एक ढेकूळ त्यांनी आणलं आणि स्वतःच्या हाताने खाली सोडलं. मग गाव उतरलं. घाण उपसली गेली. पैलवानाने कठडा रचला.

त्याच पावसाळ्यात कठडा एका बाजूने ढासळला आणि त्याबरोबर एक म्हैस खाणीत पडून मेली. म्हैस आतोबांची होती. घरात तेवढीच दुभती.

पैलवान उंबऱ्याबाहेर येऊन उभा राहिला. आत गोठ्यात आत्या रडत होती. पैलवानाच्या मागे निम्मं गाव. "काय आसंल ते बोला, आमदार."

आतोबांनी एकदा रिकाम्या दावणीकडे पाहिलं. "कायदा पास झालाय न्हवं?" ते म्हणाले. "फुडच्या येळंला दगड जरा आडवं बशीव, गड्या."

पैलवानाने सगळा कठडा उतरवून पुन्हा रचला. तो अजून उभा आहे. आत्याने पुढे कितीतरी दिवस आतोबांना बिनदुधाचा चहा दिला, आणि ते तो शेवटच्या घोटापर्यंत प्याले. मुंबईच्या विधानसभेत त्यांचा कायदा कधी पोचला नाही. आतोबाही आता नाहीत.

उन्हाळ्यात खाणीचं पाणी तळाला गेलं की काळे खडे दिसतात. एकदा माझ्याबरोबर आलेल्या पाहुण्याने ते पाहून विचारलं, "इथे पूर्वी कोळसा निघायचा का?"

आत्या कठड्यावर हात ठेवून वाकून बघत होती. "निघायचा न्हाई," ती म्हणाली. "आमच्या घरातनं गेलाय त्यो."