उलट्या रिळांची साक्ष

विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाच्या दिवसांत शहरात दोन ठिकाणी पोलीस दिसत: चौकात आणि पडद्यावर. पडद्यावरचे जास्त कामात असत.

तेव्हा एक हिंदी पिक्चर जोरात चालला होता. त्यातला फौजदार खुनाचा सुरा रुमालाने अलगद उचलतो आणि रक्त बघवत नाही म्हणून त्याच रुमालाने पुसून ठेवतो. पुढे मयताच्या भावालाच कोठडीत घालतो. लोक शिट्ट्या मारत. ही खात्याची बदनामी आहे, असे पोलिसांचे मत होते. बहुतेकांनी हे मत पिक्चर पाहूनच बनवले होते.

गुन्ह्यांच्या बातम्यांसाठी मी रोज सकाळी पोलीस चौकीत जात असे. एसटीची एक बस भरदुपारी जाळली गेली, त्याच्या तिसऱ्या दिवशी तिथे एक तरुण उभा दिसला. मूळ पिशोरचा, चिकलठाण्यातल्या कारखान्यात लेथवर उमेदवार. महिनाअखेर कायम होणार होता. त्याच्याविरुद्ध पुरावे दोन: कपड्यांना तेलाचा वास आणि राहत्या वस्तीचे नाव. तेल मशीनचे आहे, हे कपडे हुंगणाऱ्या शिपायालाही कळत होते. वस्तीच्या नावापुढे त्याचा उपयोग झाला नाही.

"बस जळली तेव्हा मी तीनच्या खेळाला हुतो, साहेब," तो म्हणाला.

"मग स्टोरी सांग," चौकीचे फौजदार म्हणाले.

"आधी भावाला कोठडीतून सोडलं. मंग मध्यांतर. मंग खून झाला, अन् भावाला धरलं."

"खुनाच्या आधीच सोडलं?"

"व्हय साहेब. सोडून मंग धरलं."

फौजदारांनी त्याच्या कानाखाली लगावली. "मी स्वतः बघितलाय तो पिक्चर. खून पहिल्या दहा मिनिटांत होतो."

"अन् ते फौजदार सुरा पुसतं, ते तर शेवटी..."

"तेवढं सांगू नको!"

दारातल्या हवालदाराला राहवले नाही. "साहेब, पोरगं खरं बोलतंय. त्या दिवशी आपरेटरनं रिळंच उलटी चढवली हुती. 'अबे सो गया क्या' म्हणून लोकं खुर्च्या बडवत हुते. मी बी लई वरडलो."

फौजदार हवालदाराकडे वळले.

"त्या दिवशी तुमची ड्युटी कुठं होती?" त्यांनी विचारले.

"बंदोबस्ताला, साहेब."

"कुठल्या?"

ड्युटी होती जी बस जळली, तिच्याच थांब्यावर. हवालदार टोपीकडे बघत म्हणाला, "ऊन लई हुतं, साहेब."

संपूर्ण तपासात फौजदार प्रथमच विचारात पडले. तरुणाचा जबाब घ्यायचा तर हवालदाराचाही घ्यावा लागणार होता. अटकेची नोंद अजून केलेली नव्हती, ही कामातली ढिलाई ऐनवेळी उपयोगी पडली.

"जा तू," ते म्हणाले. "तू इथं आलाच नव्हतास."

तो हलला नाही. "साहेब, दोन दिवस खाडा झालाय. कंपनी काढून टाकंल. पोलिसांनी चुकून धरलं हुतं, येवढं लिहून द्या."

"चुकून?"

"मंग चुकून नका लिहू. धरलं हुतं, येवढंच."

"जो आलाच नाही, त्याला धरलं असं कसं लिहू?"

"ताप आला हुता म्हण," हवालदाराने मदत केली.

"तापाला डॉक्टरची चिठ्ठी लागती, मामा."

शिपायाने त्याला दंडाला धरून बाहेर नेले.

हवालदाराची नेमणूक पुढच्या आठवड्यात थिएटरसमोर झाली. तिथे गर्दी फार होते, असे कारण सांगण्यात आले. बसचा तपास चालूच राहिला.

पुढे दुसऱ्या एका बातमीसाठी मी चिकलठाण्यातल्या त्या कारखान्यात गेलो. फाटकाबाहेर कामासाठी आलेल्यांची रांग होती. त्या तरुणाबद्दल फोरमनला विचारले. "दोन दिवस कुठं होता ते सांगता आलं नाही त्याला," फोरमन म्हणाला आणि लेथवरच्या नव्या माणसाला काम दाखवू लागला.