न सोडलेलं कनेक्शन

“काम झालं नं? मंग सोड त्याले.” माझ्या स्क्रीनवर पेन्सिलीचं मागचं टोक टेकवत ताई हे दिवसातून चारदा तरी म्हणायच्या. एवढ्यातेवढ्यावरून टोकणारं माणूस तुमच्याही ऑफिसात असेल.

‘त्याले’ म्हणजे कनेक्शनला. मेहकरच्या दोन टेबलांच्या ऑफिसातून मी आणि माझ्या सीनियर ताई अशी आम्ही दोघं एक वेबसाइट चालवायचो. सर्पदंशाचं इंजेक्शन आज कोणत्या दवाखान्यात आहे, ते ती सांगायची. दर वेळी माहितीच्या साठ्याशी, म्हणजे डेटाबेसशी, नव्यानं जोडण्यात वेळ जातो, म्हणून ताईंनी वीस कनेक्शनं कायम जोडून ठेवली होती. पान उघडलं की त्यातलं एक घ्यायचं, माहिती आणायची, लगेच परत करायचं. विसाच्या वीस अडकली, तर पुढचा माणूस ताटकळणार.

“ताई, आपल्याकडे एकदम वीस माणसं येतात कुठं?” मी हसायचो.

“निंदणाच्या दिवसांत येतीन, तवाच साप चावते,” म्हणत त्या डब्यातली अर्धी भाकर माझ्याकडे सरकवायच्या.

त्या पावसाळ्यात ताई दोन दिवस देऊळगाव राजाला माहेरी गेल्या आणि मी लिहिलेलं नवं पान त्यांना न दाखवताच साइटवर चढवलं. माहिती आणताना मध्येच काही बिघडलं, तर त्यात कनेक्शन परत जात नव्हतं. एकेक करत विसाच्या वीस अडकली.

त्याच दुपारी लोणारकडच्या एका शेतात निंदताना एका बाईला साप चावला. नवऱ्याच्या मोबाइलवर नुसतं चक्र फिरत राहिलं. जवळच्या दवाखान्यात नेलं, तर तिथलं इंजेक्शन संपलेलं. मेहकरला आणेपर्यंत ती गेली होती.

बातमी कळताच ताई परतल्या; माझी चूक त्यांना दहा मिनिटांत सापडली. त्या रागावल्या नाहीत. मला घेऊन त्या बाईच्या गावी गेल्या आणि तिच्या नवऱ्यापुढे हात जोडून म्हणाल्या, “भाऊ, चूक माही हाय. मी पाहाले पाह्यजे होतं.”

मी शेजारीच उभा होतो. माझं तोंड उघडलं नाही.

परतताना बसमध्ये विचारलं, “काऊन सांगितलं तसं?”

“तुले अजून लय काम करायचं हाय,” त्या म्हणाल्या.

मग त्यांचं बोलणंच आटलं. डबा आणायच्या, तसाच परत न्यायच्या. दिवाळीनंतर नोकरी सोडली. उन्हाळ्यात हृदयविकारानं गेल्या.

परवा मेहकरच्या स्टँडवर तो नवरा दिसला. त्यानंच मला ओळखलं.

“त्या ताईले सांगजा,” तो म्हणाला, “माह्या मनात त्याईच्याबद्दल काई नाही.”

“हाव, सांगतो,” मी म्हणालो.

लोणारची गाडी लागली. तो चढला, खिडकीतून हात केला. मीही केला.