ताईच्या मताचा सोबती

अंध मतदाराला मत देताना सोबत एक माणूस नेता येतो. निवडणुकीच्या कागदांत त्याला ‘सोबती’ म्हणतात. तो अठरा वर्षांच्या वरचा हवा, त्या दिवशी दुसऱ्या कोणाचा सोबती झालेला नसावा, आणि मत कोणाला दिलं ते गुप्त ठेवीन असं त्यानं लिहून द्यावं लागतं. मतदार सांगेल तेच बटण दाबायचं, हे वेगळं लिहून घेण्याची गरज कोणाला वाटली नसावी. मी माझ्या बहिणीसाठी त्या कागदावर तीन निवडणुकांत सही केली. तिसऱ्या वेळी मी तिला फसवलं.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तीन वर्षांची असताना तिला गोवर निघाला आणि त्यात डोळे गेले. अंधशाळेत ती ब्रेल शिकली आणि खुर्च्या विणायला शिकली. जळगाव जामोदमधल्या आमच्या घराच्या ओसरीत आजही कोणाच्या ना कोणाच्या दोन-तीन खुर्च्या उलट्या पडलेल्या असतात. तिचं लग्न झालं नाही असं नातेवाईक म्हणतात. ती म्हणते, केलं नाही. माझ्या बायकोशी तिचं रोज सकाळी भाजीत मीठ किती यावरून वाजतं, आणि दुपारी दोघी एका ताटलीत शेंगदाणे घेऊन फोडत बसतात.

निवडणूक म्हणजे तिचा सण. प्रचाराची ऑटो गल्लीत शिरली की हातातलं काम थांबतं. कोण काय बोलला, मागच्या वेळी काय बोलला होता, दोन्ही तिला पाठ. उमेदवारांना ती आवाजावरून मार्क देते. एकाबद्दल म्हणाली होती, “हा माणूस कागद वाचून राह्यला, आन् कागद बी दुसऱ्यानं लिहेल हाय.”

ज्या निवडणुकीबद्दल मला सांगायचं आहे, त्या वेळी मी एका खासगी संस्थेच्या शाळेत कारकून होतो. आजही आहे. संस्थेच्या अध्यक्षांचा एक उमेदवार होता. मतदानाच्या आधी त्यांनी सगळ्या कर्मचाऱ्यांना चहाला बोलावलं आणि एकेकाला विचारलं, घरची किती मतं? धमकी नव्हती. ते हसून विचारत होते आणि शिपाई वहीत आकडा लिहीत होता. मी म्हणालो, चार. आई तेव्हा होती. आई, बायको, मी आणि ताई.

ताईचं ठरलेलं होतं. एक बाई अपक्ष उभी होती. प्रचाराला आमच्या गल्लीत आली तेव्हा ओसरीत टेकली, विणकामाला हात लावून पाहिला आणि मत न मागताच उठली. ताईला ते भारी आवडलं. बाई पडणार हे तिलाही ठाऊक होतं. तिनं मला दोनदा नंबर सांगितला. वरून तिसरा.

मतदानाच्या दिवशी जिल्हा परिषद शाळेतल्या केंद्रावर आम्ही दोघं पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेलो. चालताना ती माझं कोपर धरते, तसंच तिनं ते धरलं होतं. यंत्र समोर होतं. तिसऱ्या नावाजवळ माझं बोट गेलं आणि मला वहीतला चार हा आकडा दिसला. मी सातवं बटण दाबलं. यंत्र वाजलं. ताईनं विचारलं, “झालं?” मी म्हणालो, “झालं.”

सोबत्याच्या उजव्या हाताच्या बोटाला शाई लावतात. डाव्या हाताला माझ्या स्वतःच्या मताची होती. शाळेत सहकारी थट्टा करायचे, की हा गडी दोन्ही हातांनी मतदान करतो. मीही हसत होतो. अध्यक्षांचा उमेदवार हजारोंनी निवडून आला. माझ्या बहिणीच्या एका मताची त्याला काहीच गरज नव्हती, हे कळल्यावर मला जास्तच वाईट वाटलं. उजव्या नखावरची शाई महिनाभर राहिली. जेवताना समोर यायची.

पुढच्या निवडणुका आल्या की मी काही ना काही काढायचो. एकदा मला ताप होता, एकदा आईचं आजारपण होतं. तेव्हा ताई माझ्या बायकोबरोबर गेली. मग मागच्या विधानसभेच्या वेळी अंगणवाडीच्या सेविकाबाई घरी आल्या. आमच्या भागातली मतदार यादी त्यांच्याकडे असते. त्यांनी सांगितलं की दिव्यांगांना आता घरी बसून मत देता येतं. बारा-ड नावाचा एक अर्ज भरायचा, प्रमाणपत्राची झेरॉक्स जोडायची, आणि मतदानाच्या काही दिवस आधी अधिकारी मतपत्रिका घेऊन घरीच येतात. बायको शेजारी गेली होती. ताई मागच्या अंगणात होती. मी अर्ज तिथेच भरला.

सगळ्यांना मी सांगितलं असतं की ताईच्या सोयीसाठी भरला. खरं कारण असं, की घरी अधिकारी येतील तर तेच काय ते करून घेतील आणि मला पुन्हा त्या आडोशामागे उभं राहावं लागणार नाही. सहीसाठी मी ताईला हाक मारली. यादीचं काम आहे, म्हणालो. कागदावर बोट टेकवून जागा दाखवली. तिनं एका शब्दानं न विचारता सही केली.

आठवड्याभरानं सेविकाबाई पुन्हा आल्या आणि पथक कोणत्या दिवशी येणार ते सांगू लागल्या. ताई खुर्ची विणत होती. तिनं दोरी सोडली.

“घरी काऊन? मले तं शाळेत जायचं हाय.”

मग कळलं. तिच्या अंधशाळेतल्या मैत्रिणीनं फोनवर तिला सांगितलं होतं की यंत्रावर बटणांच्या शेजारी ब्रेलमध्ये आकडे असतात. केंद्रावर उमेदवारांच्या नावांचा ब्रेल कागदही मागता येतो. तो आधी वाचायचा, नंबर लक्षात ठेवायचा आणि एकटीनं आत जायचं. ताई कित्येक महिने मनाशी ही तयारी करत होती. कोणाजवळ बोलली नव्हती. मतदानाच्या दिवशी कोपर सोडून मी एकटी जाते, असं म्हणून आम्हाला चकित करणार होती.

सेविकाबाई बिचाऱ्या गोंधळल्या. त्यांनी सांगितलं की घरच्या मतदानाच्या यादीत नाव गेलं, म्हणजे केंद्रावरच्या यादीत नावापुढे खूण होते. आता तिथं मत देता येणार नाही. मी दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून तहसीलमध्ये गेलो. तिथल्या माणसानं नीट ऐकून घेतलं, यादी काढून दाखवली आणि हात जोडले. घरचंच मत, नाहीतर काही नाही.

घरी आलो तेव्हा ताई ओसरीतच होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. अर्जाचं सांगितलं. खोटं का बोललो ते सांगितलं. आणि ते सांगता सांगता मागचं सातवं बटणही सांगितलं. अकरा वर्षं बायकोलाही सांगितलं नव्हतं.

ताई विणतच होती. एक ओळ पूर्ण करून म्हणाली, “मले मालूम हाय.”

मी वर पाहिलं.

“तुहं कोपर माह्या हातात होतं ना, लेका. तिसऱ्यापाशी गेलं, थांबलं, आन् मंग खाली गेलं. तुले काय वाटलं, मले वर-खाली समजत नाई?”

“मंग तू बोलली काऊन नाई?”

“तू घरी येऊन दोन दिवस जेवला नाईस. मले वाटलं, याले पुरे हाय.” मग जराशानं म्हणाली, “पण या वेळी अर्ज भरला ते वाईट केलं. बटण तं तू भेवानं दाबलं. हे तू मले न इचारता केलं.”

बायको दारात उभी राहून सगळं ऐकत होती. तिनं चहा आणला. मला दिला नाही.

पथक आलं त्या दिवशी ओसरी झाडून खुर्च्या सरळ केल्या होत्या. एक मध्यमवयीन प्राध्यापिका प्रमुख होत्या. एक सहायक, एक पोलीस आणि व्हिडिओ काढणारा एक गडी. त्यांनी टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला, मतपत्रिका काढली, दोन पाकिटं ठेवली. मॅडमनी ताईला नीट समजावलं, की तुम्हाला दिसत नसल्यानं तुमच्या पसंतीचा सोबती खूण करू शकतो. आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

ताई म्हणाली, “सोबती नको.”

“मग खूण कशी कराल? हा कागद आहे, ताई. यंत्र नाही.”

ताईनं विचारलं की एकेका नावाचा रकाना सारख्याच उंचीचा आहे का. आहे, म्हणाल्या. खूण कुठे करायची? नावासमोरच्या मोकळ्या चौकटीत, उजव्या कडेला. मग ताईनं बायकोला एक जुनी लग्नपत्रिका आणि कात्री आणायला लावली. पत्रिकेची लांब पट्टी कापली. मॅडमना म्हणाली, ही कागदाच्या कडेला धरा आणि जिथं जिथं रकाना संपतो तिथं तिथं बारीक खाच पाडा. सगळ्या पाडा, एकच नको. म्हणजे तुम्हाला माझं कळणार नाही.

मॅडम थांबल्या. सहायक म्हणाला, असं कधी झालं नाही. त्यावर मॅडमनी अंगणात जाऊन वरिष्ठांना फोन लावला. आम्ही सगळे उभे. पोलीस एका खुर्चीचं विणकाम न्याहाळत होता. ताईनं त्याला बस म्हटलं, तुटणार नाही म्हणाली. मॅडमचा फोन लांबला. मी भिंतीशी उभा होतो आणि मला माझ्या हातांचं काय करावं ते कळत नव्हतं. आता त्या येऊन नाही म्हणाल्या, तर ताईला पुन्हा माझाच हात घ्यावा लागणार होता. नाहीतर मत सोडून द्यावं लागणार होतं. दोन्ही माझ्यामुळे.

मॅडम आत आल्या. म्हणाल्या, “मतपत्रिकेवर खुणेशिवाय काही उमटायला नको, आणि दुसऱ्या कोणी पाहायला नको. एवढं सांभाळलं तर पट्टीला कोणाची हरकत नाही.”

त्यांनी स्वतः खाचा पाडल्या. ताईनं बोट फिरवून त्या मोजल्या, खुर्चीची भोकं मोजते तशा. एक खाच ओबडधोबड आहे म्हणून पुन्हा पाडून घेतली. मॅडमनी कोऱ्या कागदावर तसेच रकाने आखले. ताईनं त्यावर तीनदा सराव केला. पहिली खूण रेघेवर गेली. दुसरी बरोबर. तिसरीही बरोबर. मॅडमनी सगळ्या उमेदवारांची नावं क्रमानं दोनदा मोठ्यानं वाचली. मग सगळ्यांना मागे सरायला सांगितलं, व्हिडिओवाल्याला कॅमेरा बाजूला वळवायला लावला, आणि मला म्हणाल्या, तुम्ही बाहेर.

मी रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. समोरच्या घरावर कापूस वाळत होता. आतून काही ऐकू येत नव्हतं. बराच वेळ लागला. दहा-बारा मिनिटं असतील. मला आत बोलावतील म्हणून मी दोनदा दाराकडे पाहिलं. कोणी बोलावलं नाही.

नंतर आत गेलो तेव्हा ताई पाकिटाला डिंक लावत होती. बोटं चिकट झाली होती. तिला कोणी मदत करू नये म्हणून मॅडमच आम्हाला हातानं थोपवत होत्या. बाहेरच्या पाकिटावर सही झाली. जाताना मॅडम पट्टी मागू लागल्या, पुढच्या घरी एक अंध आजोबा आहेत म्हणून. ताईनं दिली. म्हणाली, त्यांची बोटं जाड असतील तर खाचा जरा रुंद करा.

मतमोजणीच्या दिवशी आम्ही सकाळीच टीव्ही लावला. टपाली मतं आधी मोजतात. त्यातली काही बाद झाली, असं टीव्हीवरचा माणूस म्हणाला. मी आवाज कमी केला.

“ताई, तुही खूण चौकटीतच बसली असंल ना?”

“बसली असंल.”

“आन् बाद झाली असंल तं?”

“तं माह्या हातानं झाली. तवासारखा तुह्या हातानं दुसराच निवडून आल्यापेक्षा बरं.”

बायको पोहे करत होती, ती आतूनच हसली. मीही हसलो, आणि डोळे पुसले. ताईला ते कळलं असणार. तिला सगळंच कळतं. थोड्या वेळानं तिनं विचारलं, “कोणाले देल्लं ते इचारायचं हाय ना तुले?”

“हाव,” मी म्हणालो.

“मंग राह्यू दे तसंच,” ती म्हणाली आणि आमच्या मतदारसंघाची पहिली फेरी सांगू लागले म्हणून मला आवाज वाढवायला लावला.