बारा व्होल्ट की छत्तीस

ओहमचा नियम मी तीस वर्षं कॉलेजात शिकवला. कुणी विजेबद्दल तोंड उघडलं की मी आधी नाक मुरडायचो आणि मग खडू शोधायचो. घरातही तोच रुबाब. तंजावूरच्या आमच्या मराठी घरांत रीतच आहे: घरात जो जास्त शिकलेला, त्याच्या शब्दापुढे बाकीच्यांनी बोलायचं नाही. जागा घ्यायची असो की पाण्याचा पंप, ‘त्याला विचारा’. मला ही रीत फार आवडायची, हे आधीच कबूल करून टाकतो.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, दहावीनंतर शाळेत गेली नाही. राजवाड्यामागच्या गल्लीत तिची शेड आहे. तिथे ती तंजावूर चित्रांच्या लाकडी चौकटी कोरते. हे काम तिच्या यजमानांचं. ते गेल्यावर तिने छिन्नी हातात घेतली आणि पाच वर्षांत त्यांच्या पुढे गेली. सोन्याच्या वर्खाचा कृष्ण काढणारे चितारी चित्र पुरं झालं की तिच्या दारात येऊन उभे राहतात. तिने कोरलेल्या वेलीचं पान बोटाने चाचपलं तर शीर लागते. मी कितीदा चाचपलंय, अजून समाधान झालेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी तिचं उजवं मनगट गेलं. डॉक्टरांनी हातोडी बंद म्हणून सांगितलं. कोइम्बतूरहून मुलगा आला, म्हणाला, “आई, शेड बंद कर. माझ्याकडे ये.” मुलगा चांगला आहे, सूनही चांगली. पण तिथल्या चौथ्या मजल्यावर अक्का दिवसभर करणार काय? ती म्हणाली, “पोंगलपर्यंत मला सोड. मशीन करून बघतें. मशीनने चौकटीची एक कमान नीट कोरली तर मी येथेंच राहतें. नाही कोरली तर तुझ्या गाडीत बसतें.” मुलाने मान डोलावली. त्याला वाटलं, आईची हौस आहे, चार दिवसांत फिटेल.

फिटली नाही. तमिळ व्हिडिओ बघून अक्काने संगणकाच्या हुकमाने लाकूड कोरणारं सीएनसी मशीन उभं केलं. सांगाडा पापनाशमच्या वेल्डरकडून आणला, रूळ आणि लांब स्क्रू कुरियरने आले, एकेक पाऊल टाकत फिरणाऱ्या तीन स्टेपर मोटरी आल्या, त्यांना चालवणारे ड्रायव्हर नावाचे छोटे डबे आले. प्रत्येक नट तिने डाव्या हाताने आवळला. शेवटी उरला पॉवर सप्लाय. “व्हिडिओत छत्तीस व्होल्ट म्हणून सांगतात,” ती म्हणाली. “तू सांग. वीज म्हणजे तुझें काम.”

मी मोटरीवरचं लेबल वाचलं. तीन अँपिअर. गुंडाळीचा रोध एक ओहम. झालं, माझं गणित तोंडी तयार. तीन व्होल्टची मोटर! तिला छत्तीस व्होल्ट म्हणजे छत्तीस अँपिअर, म्हणजे धूर. त्या व्हिडिओवाल्यांची मी यथेच्छ टिंगल केली. ड्रायव्हर बाराच्या खाली नीट चालत नाही हे दुकानदाराकडून कळल्यावर नाइलाजाने बारावर आलो आणि स्वतः जाऊन बारा व्होल्टचा सप्लाय घेऊन आलो. अक्का “सरि”, म्हणजे बरं, म्हणाली आणि तिने तो जोडला.

मशीन हळू चालवलं की शहाण्यासारखं चाले. वेग वाढवला की मोटर किरकिरे, अडे आणि पावलं चुकवी. पहिल्या फळीवर वेल निम्म्यात सरकून स्वतःवरच चढली. दुसऱ्या फळीवर मोराची मान शेपटीत घुसली. हळूच चालवावं तर एका कमानीला चार दिवस लागत होते, आणि रेंगाळणाऱ्या पात्याने लाकूड जळून काळं पडत होतं. मी स्क्रू तपासले, तेल घातलं, वेल्डरला शिव्या दिल्या. सप्लायकडे माझी नजरसुद्धा गेली नाही. पोंगलला तीन आठवडे उरले. अक्काने एके सकाळी छिन्न्या पुसून फडक्यात गुंडाळायला घेतल्या.

दुसऱ्या दिवशी गेलो तर ती मशीनपाशी स्टूल टाकून बसली होती. मोटर स्क्रूपासून सोडवलेली. एक एक वेग लावायचा, कापडाने मोटरीचा दांडा धरायचा आणि वहीत लिहायचं. तिची वही म्हणजे मराठी बोली आणि तमिळ अक्षरं. मला म्हणाली, “हळू फिरतें तेव्हां दोन हातांनी थांबत नाही. जोरांत फिरतें तेव्हां एका बोटाने थांबतें. ताकद आहे रे हिला. ताकद येण्याआधीं पुढचें पाऊल येतें.”

गुंडाळीत प्रवाह एकदम चढत नाही, त्याला वेळ लागतो. हा धडा मी दरवर्षी फळ्यावर आलेख काढून शिकवला होता. व्होल्ट जास्त असले की प्रवाह झटकन चढतो.

“पण छत्तीसने जळेल ना?” मी अजून माझं तुणतुणं सोडलं नव्हतं.

“हातोडी उंच उचलून मारतात, म्हणून लाकूड फुटतें काय? मनगट आवरतें,” ती म्हणाली. “तो ड्रायव्हर म्हणजे मनगट. तीन अँपिअर झाले की आवरतो. डब्यावर लिहिलेंय.”

खरंच लिहिलं होतं. इतके दिवस मी मोटरीचं लेबल वाचत होतो, ड्रायव्हरचं वाचलंच नव्हतं. ज्या मनगटाने तिला दगा दिला त्याच्याच आठवणीतून तिने माझा धडा मला शिकवला. माझ्या तीस वर्षांतल्या एकाही विद्यार्थ्याने तो इतका स्वच्छ सांगितला नसेल.

त्याच दुपारी आम्ही छत्तीस व्होल्ट, दहा अँपिअरचा सप्लाय आणला. दुकानदाराने दोन दाखवले. अक्काने दोन्ही हातात तोलले आणि आत तांबं जास्त असणार म्हणून जड तो घेतला. आतल्या पंख्यात भुसा जाऊ नये म्हणून तो भिंतीपलीकडे जाळीच्या पेटीत बसवला. सप्लायवरचं दोनशे तीस व्होल्टचं बटण आणि अर्थिंग तपासायचं काम तेवढं माझ्याकडे आलं. मी ते चारदा तपासलं.

मुलगा भोगीच्या दिवशी गाडी घेऊन आला, तेव्हा मशीनने कोरलेली कमान भिंतीला टेकवलेली होती. त्याने पानावरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग गाडीची जी मागची सीट आईसाठी रिकामी करून आणली होती, तिच्यावर स्वतःची बॅग ठेवून आला आणि म्हणाला, “आई, सण झाला की मी एकटाच जाईन.”

तो आत गेल्यावर मी अक्काला विचारलं, “तुला पहिल्या दिवसापासून छत्तीस माहीत होतं. दोन फळ्या गेल्या, छिन्न्या बांधायला घेतल्यास, तरी मला का नाही सांगितलंस?”

ती माझ्याकडे नवलाने बघत राहिली. “तू बारा म्हणून सांगितलास,” ती म्हणाली. “तू चुकशील म्हणून मला वाटलेंच नाही. माझ्या हातानेंच मशीन बिघडलें म्हणून मी रोज रडत होतें.”